अकरा मूर्तींची नजर

कंपनी बंद झाली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. रोह्याच्या त्या कंपनीत बावीस वर्षे मी तपासणी खात्यात सुटे भाग मोजत होतो. केसाइतका फरक निघाला तरी नग बाजूला काढायचा, एवढेच माझे काम. ते गेल्यावर सहा महिने मी रोज धावीर महाराजांच्या देवळात जाऊन एकच मागणे मागितले, कंपनी पुन्हा सुरू होऊ दे. ती झाली नाही. मुलगी बारावीला होती. देव ऐकतो का, अशी शंका त्या दिवसांत मला आली, हे मी लपवत नाही. पुढे देवळात जाणेही सोडले.

माझ्या पत्नीच्या मामांचा, नानांचा, पेणला गणपतीचा कारखाना होता. तिनेच मागे लागून मला तिथे धाडले. सकाळच्या एसटीने नागोठण्यावरून पेण, संध्याकाळी परत. वर्षभर मी मूर्ती घासल्या, रंग भरले. मग नानांनी हातात बारीक ब्रश दिला. मूर्तीचे बाकी सगळे झाले की शेवटी डोळे आखतात. त्याला आखणी म्हणतात आणि ती जमणारे हात पेणमध्येही मोजकेच. मी सवयीप्रमाणे घरून डिव्हायडर आणला. नाना म्हणाले, "जावईबापू, गणपती काय नट-बोल्ट हाय?" सगळे कारागीर हसले. मी मात्र मापानेच आखत राहिलो. मापाखेरीज माझ्याजवळ दुसरे काही नव्हते.

चतुर्थीच्या तीन दिवस आधी नानांना माल घेऊन मुंबईला जावे लागले. निघताना म्हणाले, "धरमतरच्या खाडीपलीकडल्या गावाच्या अकरा मूर्ती हायत. डोळे तुम्ही आखा. जमलं तर आखणीवर कायम. नाय जमलं तर भाचीचं तोंड बघून आणखी किती दिवस ठेवू?"

दुसऱ्या दिवशी मी पहाटेची गाडी धरली. मूर्ती टेबलावर, मी समोर उभा. प्रत्येक बुबुळ डोळ्याच्या बरोबर मध्यावर, डावे-उजवे तंतोतंत. दुपारी दोनला अकरावी मूर्ती झाली आणि कित्येक महिन्यांनी मला पोटभर जेवावेसे वाटले.

अडीचला गावची माणसे टेम्पो घेऊन आली. त्यांना भरतीच्या पाण्यावर होडी काढायची होती. ओहोटी लागली की त्यांच्या गावच्या धक्क्याला नुसता चिखल. त्यांनी मूर्ती पाहिल्या, "झ्याक" म्हणाले आणि उचलायला वाकले. त्यांच्याबरोबर साठीची एक बाई होती. एरवी तिचा दीर मूर्ती नेत असे. या वर्षी तो तापाने पडला, म्हणून ती जन्मात पहिल्यांदा पेणच्या कारखान्यात आली होती. दमून ती तिच्या मूर्तीसमोर जमिनीवरच बसली. बराच वेळ बघून म्हणाली, "दादा, ह्यो माज्याकडं बगत नाय."

"आये, देव काय तुज्याशी गप्पा मारायला बसलाय?" टेम्पोजवळून एकजण ओरडला. "चल गो, भरती जाईल. मंग चिखलातून डोक्यावर घेऊन चाल!"

बाई हलली नाही. "आरती सरली का तुमी समदी जाता. मंग म्होरं मीच एकली बसून असते. तवा ह्यानं भिताडाकडं बगायचं व्हय?"

मी तिच्याशेजारी खाली बसलो आणि वर पाहिले. अकराच्या अकरा मूर्ती आमच्या डोक्यांवरून पलीकडे बघत होत्या. मी उभ्याने आखले होते, माझ्या डोळ्यांच्या पातळीत. घराघरात देव उंचावर बसतो आणि माणूस खाली, हे मी जन्मभर बघत आलो होतो. मोजताना तेवढे सुटले.

माणसे मूर्ती खुशीने नेत होती. मी गप्प राहिलो असतो तर नानांना कळलेही नसते. तो विचार माझ्या मनात आला आणि थोडा वेळ राहिलाही. मग मी म्हणालो, "थांबा. चूक माझी आहे, अकराही मूर्तींची."

"आता सांगतोस? सकाळपासून काय डोळे मिटून आखत होतास?" ती माणसे आणखीही बरेच बोलली. मी ऐकून घेतले. शेवटी टेम्पोवाला म्हणाला, "सवाचारला गाडी सुटंल. ऱ्हाईल ती तुज्याकडं."

पावणेतीन झाले होते, हातात दीड तास होता. एका मूर्तीला जेमतेम आठ मिनिटे. बुबुळाच्या वर पांढऱ्याची एक बारीक रेघ, खाली काळ्याची एक, म्हणजे नजर उतरते. पण किती उतरवायची, याचे माप माझ्याजवळ नव्हते. मी मनात म्हणालो, महाराज, मला येत नाही, तुम्हीच बघा. कंपनी मागायचे या वेळी सुचलेच नाही.

मग मी त्या बाईला म्हणालो, "आई, तुम्ही इथंच बसा. बघायला लागला की सांगा."

मी रेघ ओढायचो, तिच्याजवळ बसून बघायचो, ती मान हलवायची. "आजून नाय." पुन्हा एक रेघ. "हां, आता बगतोय." सातव्या मूर्तीत काळा रंग खाली ओघळला. ओल्या कापसाने टिपून पंख्याने वारा घालण्यात बारा मिनिटे गेली. बाहेर हॉर्न सुरू झाले. तिची मूर्ती तिने मागे ठेवायला लावली होती. "आदी त्यांच्या कर. लोकांची घरं हायत." अकरावी मूर्ती टेम्पोत चढली तेव्हा चार वाजून बावीस मिनिटे झाली होती.

होडी सुटली का हे कळावे म्हणून माझी संध्याकाळची एसटी मी जाऊ दिली. टेम्पोवाला परत येऊन म्हणाला, "सुटली होडी. पानी उतराया लागलं व्हतं, पर गेली." मी तिथेच भिंतीला टेकून बसलो.

दुसऱ्या दिवशी नाना आल्यावर मी त्यांना सगळे क्रमाने सांगितले. नाना उठले, डोळे राहिलेल्या एका मूर्तीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि शेजारची जागा हाताने थोपटली. "बसा इथं. आता शिकवतो."

कुणी याला योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. मी मागितले ते मिळाले नाही, आणि जे मिळाले ते मागायची मला अक्कल नव्हती. तिच्या दिराला त्याच आठवड्यात ताप का आला, हे मला ठाऊक नाही. तो बरा झाला, एवढे मी मुद्दाम विचारून घेतले. त्या माउलीचे नाव विचारायचे मात्र राहिले. आखणीला बसताना मी तिला आणि महाराजांना एकच नमस्कार करतो.