ड्रॅगनचं पाणी

पाण्याच्या टँकरच्या ओल्या रबरी पाइपचा वास आला की मला पुस्तकातला तो निळा ड्रॅगन आठवतो. शहरातल्या सात रस्ता चौकातनं वडिलांनी घेऊन दिलेलं ते पुस्तक छातीशी धरून मी सुट्टीत सांगोल्याला मामाकडं गेले होते. त्यात ड्रॅगनची माहिती अगदी खऱ्या जनावरासारखी दिली होती, नख्या कशा, अंडी कुठं घालतो, खातो काय. टँकर सकाळपासून आला नव्हता आणि मामाचा पाय अंगणात ठरत नव्हता. मी त्याच्या मागं मागं चित्रं दाखवत फिरत होते आणि मधेच "म्हैस कुठंय?" विचारत होते. शेवटी मामा थांबला, चित्र नीट निरखून म्हणाला, "रोजचं पाणी किती पितंय ह्ये?" मी वाचलं, "एका दमात अख्खं तळं." "मग हितं नगं बाई आणू. आपली म्हैस एवढं पीत न्हवती की, तरी काल बाजार दाखवला तिला." खुंट्याला नुसतं दावं लोंबत होतं. परवा लेकीला तेच पान वाचून दाखवताना मी पाण्याची ओळ गाळली. ड्रॅगनच्या बाहेर आलेल्या जिभेवर बोट ठेवून तिनं विचारलंच, "आई, ह्याला पाणी कोण देतं?"