वावरात जायची वाट

विमलबाई राऊत यांची आणि माझी पहिली भेट झाली ती आर्णीच्या शाळेत, मुलींच्या संडासापाशी. मी नवी शिक्षिका म्हणून रुजू व्हायला गेले होते आणि मुख्याध्यापिकाबाई सुतारासमोर उभ्या राहून दाराची तुटलेली कडी बसवून घेत होत्या. माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "कडी नसली की मोठ्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी जातात, त्या परत येत नाहीत. गणित नंतर शिकवा." या बाईंशी आपलं जमायचं नाही, असं मला वाटलं. पुढे आम्ही अनेक वर्षं एका शाळेत काढली, आणि रविवारचा माझा चहा आजही त्यांच्याकडेच असतो.

बाईंच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात त्यांच्या शाळेबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते त्यांच्या सध्याच्या कामाबद्दल. असला विषय गौरवग्रंथात शोभेल का, यावर संपादक मंडळात कुजबुज झाली, म्हणून मी बाईंनाच विचारलं. "लिहा. ज्यांच्या घरी हे चालू आहे, ते तरी वाचतील," एवढंच त्या म्हणाल्या.

बाईंचे यजमान नानाजी यांनी आयुष्यभर कापूस आणि तूर पिकवली. त्यांना स्मृतिभ्रंश झाला. आधी माणसांची नावं गेली, मग वेळकाळ गेला, आणि मग कपडे ओले होऊ लागले. नानाजी सारखे दाराशी जाऊन म्हणत, "वावरात जाऊन येतो." ते भटकतील या भीतीने मुलगा प्रशांत कुलूप लावून त्यांना समजावी, "बाबा, कपाशीची पराटी तं कवाचीच उपटली. आता वावरात कायले जाता?" नानाजी दार हलवत, चिडत, आणि थोड्या वेळाने तिथेच धोतर ओलं होई. आता कायमचं डायपर बांधून त्यांना मागच्या खोलीत ठेवावं, असं घरात ठरत आलं होतं. तुरीची पोती हलवून खोली झाडूनही झाली होती.

एका रविवारी मी तिथे असतानाच नानाजी उठले. दाराकडे जाताना त्यांनी पाण्याचा गडवा उचलला. बाई एकदम उभ्या राहिल्या.

"प्रशांत, गडवा घेऊन कोणी पराटी पाहाले जाते का? त्यायले संडासले लागली."

नानाजींच्या पिढीत संडासाला जाणं म्हणजे वावरात जाणंच. घरात टाईल्सचा संडास आला, पण आजारात नवे शब्द गळून गेले आणि जुना तेवढा राहिला. तो माणूस इतके दिवस सरळ सांगत होता आणि आम्ही सगळे त्यांना शेती समजावत होतो. मला तिथेच रडू आलं. बाई रडल्या नाहीत. त्या नानाजींना हात धरून आत घेऊन गेल्या, आणि मागच्या खोलीत पुन्हा तुरीची पोती गेली.

मग बाईंनी घरातच शाळा भरवली. संडासाचं दार पिवळं रंगवलं, आतला दिवा चालू ठेवला, गडवा नानाजींना दिसेल असा ठेवला. धोतराऐवजी इलॅस्टिकचा पायजमा आला. चहा झाला की आणि जेवणाआधी न विचारता त्यांना घेऊन जायचं. पाणी कमी पाजा, असं सांगणाऱ्या पाहुण्यांकडे त्यांनी असं काही पाहिलं की तो विषय पुन्हा निघाला नाही. एकदा अचानक त्रास वाढला, तेव्हा वयावर न ढकलता त्यांनी लघवी तपासून घेतली. संसर्ग निघाला आणि औषधाने बराही झाला. रात्री आणि प्रवासात डायपर त्याही वापरतात, पण जाता येतंय तोवर माणसाने जावं, हा त्यांचा हट्ट आहे. आणि नानाजी आत अडकू नयेत म्हणून, शाळेत कडी बसवून घेणाऱ्या बाईंनी घरची कडी स्वतः काढून टाकली.

बोरी अरबच्या एका लग्नात नानाजी पंगतीतून उठले. वाढपी त्यांना खाली बसवू लागला. "त्यायले वावरात जाचं हाये, वाट द्या," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. तरी उशीर झालाच. बाईंनी पिशवीतला पायजमा काढला, नानाजींना बदलून आणलं आणि त्याच पत्रावळीवर बसवलं. एक नातेवाईक हळूच म्हणाल्या, "बाई, कायले आणता यायले असं चारचौघात?"

"पत्रिका त्यायच्याच नावानं आली," बाई म्हणाल्या आणि नानाजींच्या पानात जिलेबी वाढली.

सत्काराला त्यांनी होकार दिला तोही एका अटीवर. नानाजी व्यासपीठावर शेजारी बसतील, कडेच्या खुर्चीवर. बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि त्यांचा हा हट्ट कधी न सुटो, एवढंच मी मागते. आपणा सर्वांना मात्र एक विनंती आहे. समारंभात, अगदी शाल पांघरतानाही, नानाजी उठून "वावरात जाऊन येतो" म्हणाले, तर कोणीही त्यांना बसा म्हणू नये. वाट द्यावी. शाल थांबेल.