चंद्रीचं दावं

“यांना डिप्रेशन आहे,” नगरच्या मानसोपचाराच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, आणि मी चक्क हसले. ज्याला एक्केचाळिसाव्या वर्षीही शर्टाची बटणं लावून द्यावी लागतात, त्याला कसलं आलंय डिप्रेशन? ते शिकल्यासवरल्यांचे आजार, असं माझं ठाम मत होतं.

दत्ताभावजी माझे दीर. त्यांना जन्मापासून इंटेलेक्चुअल डिसॅबिलिटी आहे, म्हणजे बुद्धीची वाढ कमी. पण आमच्या चंद्री म्हशीचं वैरणपाणी, धुणं सगळं तेच बघायचे. घोडेगावच्या गुरांच्या बाजारात ते लहानपणापासून सासऱ्यांबरोबर जायचे.

उन्हाळ्यात चंद्री भाकड झाली. विकायचं मीच ठरवलं. भावजी रडतील म्हणून त्यांना चार दिवस राहुरीला नणंदेकडे धाडलं. परतल्यावर सांगितलं, चंद्री मामांकडे चरायला गेलीय. ते काहीच बोलले नाहीत, म्हणून मला वाटलं पटलं.

त्यानंतर ते बोललेच नाहीत. भाकरी अर्ध्यावर आली. आंघोळीला चला म्हटलं की अंगावर धावून यायचे. चंद्रीचं रिकामं दावं मनगटाला गुंडाळून दिवसभर ओट्यावर बसायचे. गाव म्हणालं, वेड वाढलं. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, तर लाळ गळायला लागली. दुसरे म्हणाले, असे पेशंट असेच असतात. नवऱ्याने त्यांना कायमचं ठेवायला एका आश्रमाचा फॉर्म आणला. खरं सांगते, मीही नको म्हटलं नाही.

शेवटचा प्रयत्न म्हणून नगर गाठलं. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं नॉर्मल. मग डॉक्टर बाईंनी निदान सांगितलं आणि मी हसले. त्यांनी मला गप्प बसवलं, जे सोपं काम नाही, आणि खुर्ची भावजींजवळ ओढून विचारलं, “दत्ताभाऊ, हे दावं कुणाचं?”

भावजींनी मनगटावरचं दावं चाचपलं.

“चंद्रीचं. दावं घरी आलं. म्हंजी इकली.”

आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, घरी आणून खुंटीला टांगतात. भावजींनी हे बाजारात कितीदा पाहिलेलं. मी दावं रीतसर टांगलं आणि वर थाप मारली. अडाणी कोण, ते मला त्या खोलीत कळलं.

“व्हय भावजी, मीच इकली. चुकलं माझं,” मी म्हणाले. ते ढसाढसा रडले आणि मीही.

“बुद्धी कमी असणं हा आजार नाही,” डॉक्टर बाई म्हणाल्या. “डिप्रेशन हा आजार आहे, आणि तो बरा होतो.” डिप्रेशन म्हणजे मनाची उभारीच जाणं. ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याचं ते खाण्यातून, झोपेतून, चिडण्यातून दिसतं.

रोज एक गोळी, पंधरा दिवसांनी नगरची फेरी, आणि घरात जे घडेल ते खरं सांगायचं. महिन्याभराने ते पूर्ण भाकरी खाऊ लागले. पुढे एका सकाळी मलाच दटावलं, “वहिनी, च्यात साखर न्हाई.” त्या दिवशी आश्रमाचा फॉर्म मी चुलीत घातला.

तुमच्या घरातलं असं माणूस एकाएकी बदललं, तर ‘ते तसंच असतं’ हे कुणाचंही ऐकू नका, डॉक्टरांचंसुद्धा. दुसरा गाठा, तिसरा गाठा. गोळ्या मनाने बंद करू नका.

परवा घोडेगावच्या बाजारात भावजींनी स्वतः एक वगार, म्हणजे म्हशीची तरणी पारडी, निवडली, दात बघून. विकणाऱ्याने आपलं दावं सोडून घेतलं. भावजींनी पिशवीतून चंद्रीचं काढलं आणि तिच्या गळ्यात बांधलं.

“चंद्रीचं हाय,” तिला म्हणाले. “नीट ऱ्हायचं.”

आणि भर बाजारातून छाती काढून पुढे निघाले. मी मागून पिशवी घेऊन चालले होते.