कोळशी आणि गार्डसाहेब

गार्डसाहेबांना मोबाइलवर रोगट पानाचा फोटो दाखवला, की ते मोबाइल उलटा करायचे आणि त्याच्या पाठीकडं बघत विचारायचे, "खालची बाजू कुठं हाय?" समोरचा हसला की संपलाच. "हसायलास काय? रोग खाली बसलाय आन् तू वरून फोटू काढायलास!" त्यांच्या शिव्या न खाल्लेला मोसंबीवाला पेडगावात सापडणार नाही. तरी लोक त्यांनाच बोलवायचे, कारण ते भर उन्हात येऊन एकेक झाड बघायचे.

ते रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी पूर्णा जंक्शनवर गेली. निवृत्तीनंतर आमच्या शिवारात त्यांनी मोसंबी लावली, पहिली बाग स्वतःच्याच चुकीनं घालवली, आणि तेव्हापासून पानं बघण्याचं वेड लागलं. आवाज मात्र रेल्वेतलाच राहिला. सुटलेल्या गाडीत चढणाऱ्यावर जसे खेकसायचे, तसेच बागेतही खेकसायचे.

आमची बाग कागदावर अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पण ती जगवली मायनं. विहीर आटली तेव्हा तिनं डोक्यावरून घागरी वाहून एकेक रोप वाचवलं होतं. त्या झाडांची पानं चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी काळी पडली. अण्णांनी दुकानदारानं दिलेलं बुरशीचं औषध वरच्यावर मारलं. काही फरक पडला नाही. मग त्यांनी ठरवूनच टाकलं, की शेजारच्या वावरातून काकानं काहीतरी फवारलं. काका म्हणजे अण्णांचा सख्खा धाकटा भाऊ. वाटणीत बांधावरून भांडण झालं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

शेवटी मायनं गार्डसाहेबांना बोलावलं. त्यांनी थुंकी लावून अंगठ्यानं पान पुसलं. काळं सगळं अंगठ्याला आलं आणि खालून पान हिरवंगार निघालं. "पान जित्तं हाय. ही कोळशी." मग पान पालथं करून त्यांनी मायला जवळ बोलावलं. खाली तिळाहून बारीक काळे ठिपके चिकटले होते. "ही काळ्या माशीची पिल्लं, ताई. रस पितेत, चिकट पाणी सोडतेत, आन् त्या चिकट्यावर ही काजळी चढती. काजळीला औषध मारून काय व्हतंय? माशी मारा. पानाच्या खालून फवारा." मायचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला.

ते अण्णांकडं वळले. "पण दोन्ही बागांत एकाच दिवशी. तुझ्या भावाकडंबी हीच माशी हाय, मी बघून आलो. एकट्यानं मारलंस तर तिकडची इकडं येती. जा, सांग त्याला."

"झाडं तोडीन, पण त्याच्या बांधावर जाणार न्हाई," अण्णा म्हणाले.

"आरं, भांडण तुमचं, मरायचं का हिच्या झाडांनी?" गार्डसाहेब लालबुंद झाले. तसेच तणतणत काकाकडं गेले. काका म्हणाला, "थोरल्यानं येऊन म्हणावं, मग बघू." थोरला जाईना, धाकटा येईना. मधल्या मध्ये गार्डसाहेब बांध ओलांडून दोघांनाही शिव्या देत राहिले. शेवटी माय म्हणाली, "मीच जाते भावजीकडं." अण्णा म्हणाले, "गेलीस तर माघारी येऊ नको." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि अजूनही ते आठवलं की माझं डोकं तापतं.

अण्णांनी करवतवाला आणला. हिरव्या फळांसकट झाडं पडली. गार्डसाहेब बांधावर उभे राहून अण्णांना जे बोलले ते मला इथं लिहिता येणार नाही, पण त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. पुढं काकाचीही बाग गेली. जाणारच होती.

आणि मग काकाच्या पोराचं लग्न निघालं. भावकीतल्या चार माणसांनी मध्यस्थी केली, आणि दोघं भाऊ एका दुपारीत एक झाले. एका दुपारीत! जे झाडं उभी असताना जमलं नाही, ते मांडवासाठी जमलं. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, पंगत बसली. अण्णा काकाला बुंदी भरवत होते. गार्डसाहेबांच्या पानापुढं येऊन हसत म्हणाले, "बघा साहेब, झालो का न्हाई एक?"

मला वाटलं, आता मांडव हादरणार. मी वाटच बघत होते. पण ते भरल्या ताटावरून उठले आणि चालू लागले. ते आमच्या घरचं त्यांचं शेवटचं येणं. त्याच पावसाळ्यात ते वारले.

ते उठले तेव्हा भावकीत कुजबुज सुरू झाली, की म्हाताऱ्यानं मांडवाचा अपमान केला. माय मात्र त्यांच्यामागं धावली. मी तिच्या पाठोपाठ होते.

"ताई, राग मानू नका," गार्डसाहेब म्हणाले. "घास उतरंना."

"मी तरी कुठं जेवलेय, भाऊ," माय म्हणाली.