तुम्ही फक्त पेपर प्लेट आणा

"तुम्ही ना, पेपर प्लेट आणा."

आर्वीची आई वहीतून मान वर न काढता म्हणाली. सकाळी पोरींना आत सोडून हडपसरला, शाळेच्या गेटसमोरच्या कट्ट्यावर आम्ही पाच जणी बसलो होतो. पाच पोरींच्या आया. पोरी सिनिअर केजीत. रविवारी त्यांना पुणं दाखवायला न्यायचं ठरलं होतं. गाडी ठरली, वेळ ठरली, आता डब्यांची यादी चालली होती.

आर्वीच्या आईकडे पराठे. अन्वीच्या आईकडे शिरा. रिद्धीच्या आईकडे इडल्या. कियाराच्या आईकडे दहीभात. मग मी म्हणाले, "मी मटकीची उसळ आणते, आणि पोळ्या. पोरींसाठी कमी तिखट करते."

पेन थांबलं. कोणी कोणाकडे बघितलं नाही. न बघण्याचीसुद्धा एक पद्धत असते, ती मला लहानपणापासून पाठ आहे.

"अहो, कशाला उगाच त्रास? तुमची नोकरी असते. तुम्ही ना, पेपर प्लेट आणा. आणि टिश्यू."

नोकरी कियाराच्या आईलाही आहे. बँकेत. तिच्या नावापुढे दहीभात लिहिताना कोणाला तिचा त्रास आठवला नाही.

मी म्हणाले, "चालेल."

हो, म्हणाले. खोटं कशाला सांगू? वर हसले पण.

आणि तो अख्खा प्लॅन माझा होता! माझ्या सुट्टीच्या दिवशी मी एकटी बसने जाऊन सगळं बघून आले होते. शनिवारवाड्याला सकाळी उघडल्या उघडल्या पोचायचं, कारण आत सावली नाही. पायऱ्या उंच, एका पोरीमागे एक मोठं माणूस हवंच. मोठ्या दरवाजावरचे खिळे त्यांना निवांत बघू द्यायचे, अर्धी मजा तिथेच आहे. मग सारसबागेकडे, सावली बघून डबे. मग फुलराणी, ती छोटी आगगाडी. आणि पोरी पेंगायच्या आत परत गाडीत. कात्रजचे प्राणी त्याच दिवशी नकोत, पाच वर्षांची पोरं दमतात, मग रडारड. बाथरूम कुठे बरी आहेत तेसुद्धा लिहिलं होतं. ग्रुपवर टाकलं तर कोण कौतुक! 'वॉव सम्यकाची मम्मी, तुम्ही तर गाइडच!' माझं डोकं चाललं, माझे पाय चालले. हात तेवढे चालेनात.

सम्यका माझी मुलगी. आरटीईच्या पंचवीस टक्के राखीव जागांच्या लॉटरीत या शाळेत तिचा नंबर लागला. पहिल्याच दिवशी आर्वीच्या आईने विचारलं होतं, "नाव वेगळंच आहे हं. म्हणजे तुम्ही...?"

"बौद्ध."

"अच्छा अच्छा. छान."

त्या 'छान'नंतर मला गॅदरिंगला फुगे सांगितले. टीचर्स डेला कार्डपेपर. अन्वीच्या बर्थडेला मेणबत्त्या. तोंडात जाणारी वस्तू कधीच नाही. मला कळत नव्हतं असं नाही. कळूनही न कळल्यासारखं करण्यात माझा हातखंडा होता. मी एका आयटी पार्कच्या कँटीनमध्ये पोळ्या करते. तिथे शेकडो लोक माझ्या हातचं खातात. कारण मी भिंतीच्या आड असते आणि पोळी गरम असते.

घरी जाताना प्लेटा घेतल्या. चांगल्या जाड, कप्प्यांच्या. बघा माझी अक्कल! अपमान करून घ्यायचा, तोसुद्धा नीटनेटका.

माझी आई आमच्याजवळच असते. तिने सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "असू दे की. तेवढंच राबणं वाचलं. पोरगी फिरून येतीय न्हवं? मग झालं."

आईचा अख्खा जन्म 'असू दे'मध्ये गेला. गावाला मैत्रिणीच्या घरी मला बाहेर थांबवायचे आणि ओंजळीत वरून पाणी ओतायचे. मी का म्हणून विचारलं की आई सांगायची, "त्यांच्यात आज उपास हाय." रोजच कसला मेला उपास! पण मी कितीतरी वर्षं ते खरं मानलं. आणि ज्या दिवशी खरं कळलं, त्या दिवशी त्या लोकांपेक्षा जास्त राग मला आईचा आला. आपल्याच माणसाने वेड्यात काढलं असं वाटलं.

सम्यका शेजारीच बाहुल्या मांडून बसली होती. आमचं ऐकून म्हणाली, "बरं झालं मम्मी, तू खाऊ नको आणू. कोणी खात नाही."

"कोण खात नाही?"

"शुक्रवारी शेअरिंग असतं ना, तेव्हा. माझ्यातलं घ्यायचं नाही. आर्वीला तिच्या मम्मीने सांगितलंय, त्यांचं वेगळं असतं."

दर शुक्रवारी मी तिला सहा लाडू द्यायचे. डबा रिकामा यायचा. मला वाटायचं, पोरींना माझे लाडू आवडतात. त्या आनंदात मी तूप जास्त घालायचे.

"मग लाडू कुठे जातात गं?"

"मी घरी येताना व्हॅनमध्ये खाते. उरले की व्हॅनवाल्या काकांना देते. मला चालतं."

मला चालतं! पाच वर्षांची पोर. हे तिला कोणी शिकवलं? आर्वीच्या आईने नाही, मी शिकवलं. कट्ट्यावर बसून, हसून, मान डोलवून मीच शिकवलं.

प्लेटांचा गठ्ठा उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात कोंबला. आई घाबरली. "हात दाखवून अवलक्षण करू नगं. पोरीची सहल जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले. म्हणताना जीव तुटला. पोरगी आठवडाभर कागदावर फुलराणीची तिकिटं काढून घरभर वाटत होती. आजीला दोन दिली होती.

दुसऱ्या दिवशी चौघी कट्ट्यावर होत्या. मी बसले नाही. उभ्याउभ्याच बोलले.

"रविवारी मी उसळ-पोळी आणणार आहे. सगळ्यांना पुरेल एवढी. चालणार नसेल तर कारण सांगा. इथेच, सगळ्यांसमोर."

आर्वीची आई हसली. "अहो, एवढं काय मनाला लावून घेताय? मुलांच्या हायजिनचं बघावं लागतं. आजकाल आपण असलं काही मानतो का?"

"असलं म्हणजे कसलं?"

ती पर्समध्ये किल्ली शोधायला लागली.

"आर्वीला सांगितलंत ना, त्यांचं वेगळं असतं म्हणून? काय वेगळं असतं? मलाही कळू दे."

"मुलं काय हो, काहीही बोलतात."

"मुलं हे आपल्या मनाने बोलत नाहीत."

कियाराच्या आईने मोबाइल काढला. रिद्धीच्या आईला एकदम रस्त्यात लावलेली गाडी आठवली. अन्वीची आई म्हणाली, "जाऊ दे ना, कशाला विषय वाढवायचा?" म्हणजे विषय मी वाढवत होते! आवाज मी शेवटपर्यंत ठाम ठेवला.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला. 'संडेची ट्रिप काही कारणाने कॅन्सल. सॉरी.' खाली तीन अंगठे.

रविवारी अन्वीच्या आईचं स्टेटस बघितलं. शनिवारवाड्याच्या दरवाजात चार पोरी, वर खिळ्यांकडे बोट दाखवत. मग सावलीत डबे. मग फुलराणी. माझ्याच क्रमाने, माझ्याच वेळेने. गरज सरो, वैद्य मरो. जेवायला घरच्या स्टीलच्या ताटल्या नेल्या होत्या. म्हणजे पेपर प्लेट कोणालाच नको होत्या.

सम्यका माझ्या खांद्यावरून बघत होती. "मम्मी, कॅन्सल होती ना?"

स्वयंपाकघराच्या दारातून आई मला खुणा करत होती. काहीतरी सांग, सर्दीचं सांग, गाडीत जागा नव्हती म्हणून सांग. खोटं माझ्या ओठावर आलं होतं. किती सोपं असतं ते! पण मला माझ्या लहानपणीचे ते सगळे उपास आठवले.

"कॅन्सल नव्हती," मी म्हणाले. "आपल्याला टाळलं. त्यांना वाटतं आपली जात खालची, म्हणून आपल्या हातचं त्यांना चालत नाही. हे त्यांचं चुकतंय. तुझं काही चुकलं नाही. लाडूही चांगले होते."

"मग आर्वी माझी फ्रेंड नाही?"

"ते मला माहीत नाही, बाळा."

ती रडली. खूप रडली, उचकी लागेपर्यंत. मी तिला आइस्क्रीम दिलं नाही, बागेत नेलं नाही, उद्या जाऊ असंही म्हणाले नाही. मांडीवर घेऊन बसले. आई म्हणाली, "एवढ्याशा जिवाला कशापायी सांगायचं?" मी म्हणाले, "तू मला सांगायला हवं होतंस." आई पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

सोमवारी रजा टाकली. शाळेत लेखी अर्ज दिला. वर्गात शुक्रवारी काय चालतं, पोरीला काय ऐकावं लागतं, आणि खाली आडनावासकट माझी सही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हे पालकांनी आपसात मिटवावं असं मला वाटतं."

"मिटवायला नाही आले मॅडम. अर्जाची पोच द्या."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मी खुर्चीत बसून राहिले. शिक्का मारलेला कागद हातात आला, तेव्हा उठले.

नातेवाईक म्हणतात, शाळा बदल. का म्हणून? आम्ही काय चोरी केली? सम्यका याच वर्गात, याच बाकावर बसेल. शुक्रवारी डबा जाईल. कोणी घेतलं नाही तर लाडू घरी परत येतील. व्हॅनमध्ये लपून खायचे नाहीत, हे मी तिला बजावलं आहे. कँटीनमध्ये माझी शुक्रवारची पाळी बदलून घेतली आहे. दर शुक्रवारी शाळा सुटताना मी गेटवर असेन. परत आलेला डबा उघडा धरून त्या चौघींना विचारणार, आज काय कारण? हसतील, मोबाइल काढतील, पलीकडून जातील. पुढच्या शुक्रवारी पुन्हा विचारणार. तोंडाने कारण सांगेपर्यंत विचारणार, आणि सांगताना माझी पोरगी माझ्या शेजारी उभी असेल.