देवाला पंखा

पृथ्वी तापते आहे, आता माणसाचं काय होणार, असं हल्ली कोणी गंभीर चेहरा करून विचारलं की मला हसू फुटतं. असल्या गोष्टींचा निर्णय माणूस कसा घेतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पाहिलंय कसलं, त्यात पंखाच माझा होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोकणात सावर्ड्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव आणि गावाच्या डोक्यावर देवराई. इतकी दाट, की आत शिरलेली एक म्हैस तीन वर्षांनी बाहेर आली ती गोरी होऊन. राईच्या पायथ्याशी झरा, झऱ्याखाली माझ्या काकीची पोफळीची बाग. भर वैशाखात तिच्या पाटात पाय बुडवला, तर तो आपला की शेजाऱ्याचा हे कळत नसे, एवढं पाणी गार.

त्या शिमग्याला आम्ही मुंबईकर गावी उतरलो ते देवळावर स्लॅब घालायची खुमखुमी घेऊनच. देवळाच्या कौलांची आम्हाला लाज वाटायची. आपण चाळीतल्या एका खोलीत सोळा जण झोपतो, त्याची नाही. राई कोळशाच्या ठेकेदाराला द्यायची आणि स्लॅब घालायचा, असं ठरलं.

शाळेच्या गुरुजींनी वर्तमानपत्र फडफडवलं. "अरे, जगभर झाडं तोडून नि कोळसा जाळून हवा तापत चाललीय. बर्फ वितळून समुद्र वर चढेल म्हणतात."

"चढू दे की, गुरुजी," आमच्या मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. "बांगड्यासाठी मिरकरवाड्याच्या बंदरापर्यंत जातो कोण? दारातच गळ टाकू."

चाळीस शहाणे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी.

पण राई देवाची, तेव्हा कौल घेणं आलं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. डावी पडली.

"प्रश्न नीट विचारला नाय," अध्यक्ष म्हणाले.

पुन्हा डावी. मग नारळ दिला. नारळ घेऊनही देवाने डावीच दिली.

काकी देवळाच्या दारात उभी होती. "तीनदा नाय म्हणाला तो! कानात बुचं मारलीत काय? माझं पाणी जाईल रे मेल्यांनो!"

"काकी, देवाला उकडतंय गो," मी म्हटलं. "घामाने निथळणारा कधी कशाला हो म्हणतो काय?"

मुंबईहून आणलेला टेबलफॅन मी गाभाऱ्यात ठेवला आणि देवाच्या उजव्या खांद्यावर रोखून बटण दाबलं. उजवी पाकळी अशी उडाली, की थेट गुरवाच्या मिशीत. ढोल वाजले. देवाचा होकार आला म्हणून जे नाचले, त्यांत पंखा न दिसलेला एकही आंधळा नव्हता.

राई पंधरा दिवसांत गेली. स्लॅब झाला. त्याखाली देऊळ असं तापायचं, की नैवेद्याला कच्चे तांदूळ ठेवले तरी आरतीपर्यंत भात तयार. पंखा देवाला बाराही महिने लागू लागला.

दोन वर्षांनी शिमग्यातच झरा आटला. काकी भरल्या देवळात दोन रिकाम्या कळश्या घेऊन आली.

"विचार रे देवाला," ती गुरवाला म्हणाली. "माझं पाणी परत येईल काय?"

गुरवाने पाकळ्या लावल्या. पंखा बंद करायला मी हात पुढे केला. काकीने मनगट धरलं.

"असू दे. उकडतंय ना त्याला?"

उजवी पाकळी भुर्रकन उडाली. या वेळी ढोल वाजला नाही.

"हो म्हणाला देव," काकी म्हणाली आणि एक कळशी माझ्या पोटात हाणली. "आता चल. खालच्या वाडीची विहीर दोन मैलांवर हाय, नि पोफळी तीनशे आहेत."

मी कळशी खांद्यावर घेऊन निघालो. पायऱ्या उतरतोय तोच मागून अध्यक्षांची हाक आली, "अरे, येताना देवळालापण दोन हंडे आण! स्लॅब फार तापलाय!"