धुतलेला फोटो

माझ्या हातून घरात नीट झालेल्या कामांची यादी बायको एका दमात म्हणून दाखवते. बिघडलेल्यांत पहिला नंबर आबांच्या फोटोचा.

मागच्या वर्षी एरंडोलजवळच्या आमच्या गावात टीबीच्या तपासणीचं शिबिर आलं. देवळाच्या ओट्यावर कॅमेऱ्याएवढं एक्स-रे मशीन आणि शेजारी लॅपटॉप. छातीचा फोटो निघाला की लॅपटॉपच तो वाचतो आणि शंका वाटेल तिथे रंग भरतो. माझे वडील, आबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गंमत म्हणून रांगेत उभे राहिले. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला लाल-पिवळा ठिपका उमटला.

"बाबा, आधी कधी टीबी झाला होता?" तिथल्या ताईंनी विचारलं.

"नही."

थुंकी तपासली, जंतू सापडले नाहीत. मग दुसरं काय असेल, ते घरात कुणी बोललं नाही. आबांनी चाळीस वर्षं बिडी ओढलेली.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सीटी स्कॅन केला. म्हणाल्या, "डाग जुना की नवा, हे एका फोटोवरून कळत नाही. कॉम्प्युटरलाही आजचंच दिसतं. दोन फोटो ताडून बघायला त्याला आता शिकवताहेत, पण त्यालाही जुना फोटो लागणारच. आहे का एखादा?"

होता. बारा वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेला. डाग त्यातही असला तर चिंता नाही. नसला तर फुप्फुसात सुई घालून तुकडा काढायचा.

फोटो सापडला तो लिंबांच्या कॅरेटांत. त्याच्या खालच्या भागात मीच आबांच्या नावाची अक्षरं कापली होती. वरून रंगाचा ब्रश फिरवला की कॅरेटवर नाव उमटतं, बाजारात अदलाबदल होत नाही. पत्र्यापेक्षा एक्स-रेची फिल्म बरी, हा शोधही माझाच. वरचा भाग शाबूत होता, पण रंगाने माखलेला. असलं ध्यान डॉक्टरांपुढे कसं न्यायचं? मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, फिल्म भिजवली आणि काथ्याने घासली. रंग निघाला. रंगाबरोबर आबांच्या बरगड्याही निघाल्या. हातात निळसर, आरपार दिसणारं प्लास्टिक उरलं.

बाईंनी ते उजेडासमोर धरलं. "रंगासकट आणला असता तरी काहीतरी दिसलं असतं हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मी ते प्लास्टिक गुंडाळून पिशवीत घातलं. बाई सुईचा धोका समजावू लागल्या. तेव्हा आबा बोलले.

"बाई, डाग जुना शे. माले व्हयेल व्हता टीबी. हाऊ पोऱ्या दोन वरीसना व्हता तवय."

"आबा! मग शिबिरात नाही का म्हणालात?"

"तवय तुनी आत्यानं लगन ठरेल व्हतं. घरमा टीबी शे, असं समजतं तं मोडी जातं."

"आत्याला जाऊन सहा वर्षं झाली!"

"मालूम शे. पन जीभले सवय पडी गयी ना."

बाई म्हणाल्या, नुसत्या सांगण्यावर भागत नाही; पण सुई थांबवू, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. डाग वाढला नाही तर जुना. वाढला तर तीन महिने हातचे गेले. आबांनी थांबायचं ठरवलं.

ते तीन महिने आबा खोकले की माझा घास हातात राहायचा. "जेव ना मुकाट्यानं," ते खेकसायचे.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी बाईंनी दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी लावली, मोजली, पुन्हा मोजली. "तेवढाच आहे. जुनाच."

आबांनी मान हलवली. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. मग म्हणाले, आजारात ते वर्षभर मळ्यातल्या खोपीत एकटे राहिले. आई मला रोज कडेवर घेऊन बांधापर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. मी त्यांच्याकडे झेपावायचो. ते खोपीच्या आत जायचे, मी रडणं थांबवावं म्हणून.

गावचा फाटा आला. मी त्यांना हात दिला, आणि एसटी निघून गेली तरी तो सोडला नाही.